बावीस घरांची मंडळी : नाताळ आणि ईस्टर दोन्ही धड कसे होतील?

कौलारू

सर्वांना सलाम. नगरकडच्या एका गावातली आमची मंडळी, म्हणजे चर्च. घरं २२, रविवारी साठेक माणसं, सणाला ८०-८५. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) आमच्यासकट तीन गावं. पास्टोरेट कमिटीत (चर्चचा कारभार पाहणारी समिती) सात जण, त्यातले धावपळ करणारे तीन. पेटीवाले एक, ढोलकीवाला एक.

डिसेंबरात १५ तारखेपासून १ जानेवारीपर्यंत चौदा कार्यक्रम होतात. कॅरल राउंड, संडे स्कूलचा कार्यक्रम, महिला मंडळाचा वेगळा, तरुण संघाचा वेगळा, चोवीसची रात्र, पंचवीसची सकाळ, स्पर्धा, प्रीतिभोजन, एकतीसची रात्र. ईस्टर (येशूच्या पुनरुत्थानाचा सण) येईपर्यंत कुणाच्या अंगात त्राण उरत नाही. मग दहाची नेहमीची उपासना, ईस्टरची दोन गीतं, चहाबरोबर केक, झालं. येत्या वर्षी हे उलटं करायचं असं कमिटीत ठरलंय.

तर कमी माणसांत पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा, कसा बसवायचा? कबरस्तानात पहाटेची उपासना करायची तर काय काय लागतं? पाळकसाहेब एका वेळी एकाच गावात असणार, मग प्रभुभोजनाचं (भाकर-द्राक्षरसाच्या विधीचं) काय? आणि दोन कुटुंबं ब्रदरन सभेतून (वार्षिक सण न पाळणारा ख्रिस्ती पंथ) आलेली आहेत. ती राखेचा बुधवार (कपाळाला राख लावून उपासकाळ सुरू करण्याचा दिवस) सोडाच, नाताळसुद्धा मानत नाहीत. त्यांना न दुखवता कसं करावं? वेळा, मापं, कुठं चुकतं, एवढं सांगा. साक्षी (श्रद्धेचे अनुभव) नकोत, त्या रविवारी भरपूर ऐकतो. :)

---

पहाटतारा

आधी कॅलेंडर घेऊन बसा. २०२६ चा नाताळ शुक्रवारी आहे. २०२७ मध्ये राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, झावळ्यांचा रविवार २१ मार्चला, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) २६ ला आणि ईस्टर २८ मार्चला. म्हणजे नाताळ ते लेंट (राखेच्या बुधवारपासूनचा ईस्टरआधीचा उपासकाळ) यांच्यात पुरते सात आठवडेही नाहीत. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. आपल्या पंचांगात सांगायचं तर ती पौर्णिमा बहुतेक वेळा होळीची असते किंवा हनुमान जयंतीची. २०२४ ला होळीची होती, ३१ मार्चला ईस्टर आला. २०२६ ला हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ ला. २०२७ ला पुन्हा होळीची. त्यामुळे झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक आणि होळी एकाच सुमारास येणार. मिरवणूक रस्त्यावरून न्यायची असेल तर पोलीस ठाण्यात आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या, रस्ता आणि वेळ लिहून. नाहीतर चर्चच्या आवारातच एक फेरी काढा, छोट्या मंडळीला तेवढी पुरते.

आता सप्ताह. सातही दिवस संध्याकाळी सभा ठेवण्याचा मोह होतो आणि बुधवारपर्यंत अकरा माणसं उरतात. बावीस घरांच्या मंडळीनं चारच दिवस धरावेत : झावळ्यांचा रविवार, गुरुवारची संध्याकाळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर. सोमवार ते बुधवार घरोघरी एकच उतारा वाचायला द्या, त्याची चिठ्ठी रविवारीच वाटा. गुरुवारी सुट्टी नसते, म्हणून ७ च्या आत सुरू करू नका आणि सव्वा तासाच्या वर नेऊ नका.

शुक्रवारची सात शब्दांची (येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची) उपासना १२ ते ३. इथं नेहमी एकच गोष्ट बिघडते. पहिले दोन वक्ते चाळीस-चाळीस मिनिटं घेतात आणि सातव्या शब्दाला पाच मिनिटं उरतात. "प्रत्येकानं थोडक्यात बोला" म्हणून कुणी थोडक्यात बोलत नाही. प्रत्येक शब्दाची सुरुवात घड्याळाला बांधायची : १२.००, १२.२५, १२.५०, १.१५, १.४०, २.०५, २.३०. पंचवीस मिनिटांत वाचन १, मनन १२, प्रार्थना ३, गीत ५. उरलेली चार मिनिटं शांतता आणि माणसांची ये-जा. ठरलेल्या वेळेला पेटीवाल्यानं गीताचा सूर धरायचा, वक्ता कुठंही असो. दोन वर्षांत सगळ्यांना वळण लागतं. २.५५ ला संपवून तीनपर्यंत गप्प बसा आणि तीनला घंटा. आशीर्वचनानंतर लोक लगेच हस्तांदोलन करत गप्पा मारू लागतात, म्हणून "बोलत बाहेर पडू नये" हे आधीच सांगून ठेवा.

उतारे असे : लूक २३:३४, लूक २३:४३, योहान १९:२६-२७, मत्तय २७:४६, योहान १९:२८, योहान १९:३०, लूक २३:४६. सात वक्त्यांत पाळक एकच असला तरी चालतो. तिसरा शब्द महिला मंडळातल्या कुणाला द्या, पाचवा तरुणाला. चौथा मात्र जाणत्याला द्या. "माझा त्याग का केलास" यावर नवखा माणूस एकतर अडखळतो किंवा घाईनं समजूत घालून मोकळा होतो.

पहाटेची उपासना. २८ मार्चला नगर भागात सूर्योदय साडेसहाच्या आतबाहेर, उजाडायला सहाच्या थोडं पुढं सुरुवात. एप्रिलच्या विशीत ईस्टर आला की सूर्योदय सहा-दहाला, तेव्हा वेळापत्रक दरवर्षी बदलायचं, गेल्या वर्षीचं उचलायचं नाही. या वेळी असं बसवा :

५.४५ ला फाटकापाशी जमणं, दिवे नकोत, बोलणं नको.
६.०५ ला आत जाताना मार्क १६:१-८ चं वाचन. वाचणारा एकच, त्याच्याकडे विजेरी.
६.१५ ला गीत, मग आपापल्या घरच्या कबरींपाशी जाणं, फुलं, मेणबत्ती. दहा मिनिटं.
६.२८ च्या सुमारास पुन्हा एकत्र, पूर्वेकडे तोंड. "प्रभू उठला आहे", "खरोखर उठला आहे", तीनदा.
६.४५ ला आशीर्वचन.

यात पळवाट नसलेली एक अट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकरच काय, वाद्यही वाजवता येत नाही. म्हणून सहापर्यंत शांतताच ठेवायची. ती त्या पहाटेला शोभतेही, कबरेकडे जाणाऱ्या बायका काही ढोलकी घेऊन निघाल्या नव्हत्या.

कबरस्तान शनिवारी सकाळी साफ करा, शुक्रवारी नको. मार्चअखेर गवत वाळलेलं असतं, त्यात मेणबत्ती पडली की पेटतं. कबरींभोवती हातभर जागा खुरप्यानं मोकळी करा आणि दोन बादल्या पाणी भरून ठेवा. दगड उचलताना विंचू असतोच असं धरून चाला. कबरस्तान इतर मंडळ्यांबरोबर सामायिक असेल तर पंधरा दिवस आधी पत्र द्या, नाहीतर एकाच पहाटे दोन पंथ दोन गीतं गात समोरासमोर येतात.

आणि शेवटचं, यावरच सगळं ठरतं. पहाटे उपासना आणि पुन्हा १० ला उपासना असं करू नका. मधल्या वेळात लोक घरी जातात, मटण चुलीवर चढतं आणि निम्मे परत येत नाहीत. कबरस्तानातून थेट चर्चमध्ये या. ७ ला चहा आणि अंडी, ७.३० ला प्रभुभोजनासह मुख्य उपासना, नऊला सगळे मोकळे.

---

मनुकाताई

वरच्या वेळापत्रकाला अनुमोदन. वेदीच्या मागची बाजू मी सांगते.

८५ माणसांना द्राक्षरस किती? लहान प्यालीत काठोकाठ १५ मिली मावतं, आपण दहाच भरतो. ८५० मिली, सांडलवंड धरून एक लिटर. ताटात साधारण ४० प्याल्या बसतात, म्हणजे तीन ताटं.

ईस्टरला नाशिक-सांगलीची द्राक्षं बाजारात असतात. काळी द्राक्षं दोन किलो, स्वच्छ धुवून देठ काढून, स्टीलच्या पातेल्यात एक वाटी पाण्याबरोबर मंद आचेवर १५ मिनिटं. सालं फुटून रंग उतरला की पळीनं दाबायचं. मिक्सरमध्ये घालू नका, बिया भरडल्या की रस तुरट-कडवट होतो. पंच्यातून दोनदा गाळा, पिळू नका, आपसूक गळू द्या. सव्वा लिटरच्या आसपास निघतो. ॲल्युमिनियमचं पातेलं नको आणि कल्हई उडालेलं पितळेचं तर नकोच, आंबटानं चव आणि रंग दोन्ही बिघडतात.

डिसेंबरात काळी द्राक्षं क्वचित मिळतात आणि महाग. तेव्हा काळ्या मनुका अर्धा किलो, दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजत, सकाळी त्याच पाण्यात २० मिनिटं उकळून, कुसकरून गाळायच्या. साखर नको. लिटरभर होतो.

चूक होते ती इथं : गुरुवारी केलेला रस रविवारपर्यंत कपाटात. मार्चच्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी त्याला फेस येतो, झाकण उघडलं की फस्स. गुरुवारचा गुरुवारी आणि ईस्टरचा शनिवारी संध्याकाळी करा, थंड झाला की फ्रिजमध्ये. प्याल्या रात्री भरून ठेवू नका. गोडाला मुंग्या लागतात आणि सकाळी सहा वाजता ८५ प्याल्या पुन्हा धुवायच्या म्हणजे काय ते बायकांनाच माहीत. कोरड्या प्याल्या ताटात लावून वर पांढरं कापड, आणि सात वाजता चहा चालू असताना दोघींनी भरायच्या. नळीच्या तोंडाची छोटी किटली असेल तर ताट ओलं होत नाही.

भाकर : साधा ब्रेड असेल तर कडा काढलेल्या एका स्लाइसचे सहा बाय सहा असे ३६ तुकडे होतात. तीन स्लाइस म्हणजे १०८, पुरे. कापल्यावर पंख्याखाली ठेवलात तर दहा मिनिटांत कडक होतात, ओलसर मलमल टाका. बेखमीर हवी असेल तर कणीक, पाणी, चिमूट मीठ, तेल नाही, पातळ लाटून तव्यावर दोन्ही बाजूंनी. फुगू द्यायची नाही, फडक्यानं दाबत राहायचं. ती मोडताना कापावी लागत नाही आणि समोरच्यांना मोडताना दिसते. मला विचाराल तर ईस्टरला हीच.

अंडी : एका ट्रेमध्ये ३० येतात, पंचवीस पोरांना एक ट्रे. आठवडाभर जुनी घ्या, ताजी नीट सोलली जात नाहीत. गार पाण्यात ठेवून उकळी आल्यावर १० मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. रंगासाठी पांढरीच घ्या, गावठीवर रंग मळकट दिसतो. १२-१५ कांद्यांची सालं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळली की विटकरी रंग येतो, हळदीनं पिवळा. दोन्हीत दोन-दोन चमचे व्हिनेगर, म्हणजे रंग धरतो. उकडलेली अंडी फ्रिजमध्येच ठेवायची. शनिवारी दुपारी उकडून रात्रभर बाहेर राहिलेली अंडी पोरांना देऊ नका, फ्रिज नसेल तर पहाटे चारला उकडा.

आता पाळकसाहेबांचा प्रश्न. तीन गावांत एकाच सकाळी प्रभुभोजन व्हायलाच हवं, हा हट्ट सोडा. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा आहे आणि नाताळचा ६ जानेवारीपर्यंत. एका गावाला गुरुवारची संध्याकाळ, दुसऱ्याला ईस्टरची पहाट, तिसऱ्याला ईस्टरची संध्याकाळ. पुढच्या वर्षी एकेक पाळी सरकवायची. नाताळला २४ ची रात्र, २५ ची सकाळ, २६ ची सकाळ, तसंच. ज्या गावात त्या दिवशी पाळक नाहीत तिथं वडील मंडळींनी वचनाची उपासना घ्यावी आणि प्रभुभोजन त्यांच्या पाळीला. हे फक्त तिन्ही गावांच्या कमिट्यांनी एकत्र बसून ऑक्टोबरात लिहून ठेवावं. तोंडी ठरलं तर डिसेंबरात प्रत्येक गावाला "२५ ला आमच्याकडेच" असं आठवतं.

---

भाकरसभा

ब्रदरन सभेचा माणूस इथं एक तरी हवाच, म्हणून लिहितो.

त्या दोन कुटुंबांना सण आवडत नाही असं समजू नका. त्यांचा मुद्दा असा : नव्या करारात दोनच विधी सांगितले, बाप्तिस्मा आणि प्रभूचं भोजन. जन्माची तारीख दिलेली नाही, वार्षिक सण नेमलेला नाही. आम्ही दर रविवारी भाकर मोडतो, म्हणजे वर्षातून ५२ वेळा पुनरुत्थानाचा दिवस पाळतो. मग एकाच रविवारला मोठं का करायचं? आधाराला गलतीकरांस ४:१० आणि कलस्सैकरांस २:१६ येतं. पण आमच्यातलेच जाणते लोक त्याबरोबर रोमकरांस १४:५-६ ही वाचतात : एक माणूस एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, दोघांनीही मनाची खात्री करून घ्यावी. तुमच्या मंडळीत हाच उतारा दोन्ही बाजूंना पुरेल.

तसं पाहिलं तर तुमच्या मंडळीच्या पूर्वजांनाही नाताळ परकाच होता. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि पुढं १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं घालणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक न्यू इंग्लंडच्या काँग्रेगेशनल परंपरेतले. त्यांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. १८२९ ला मुंबईत आलेले जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, आणि स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी थेट १९५८ मध्ये मिळाली. लेंट, राख, झावळ्या हे सगळं आपल्याकडे मुख्यतः अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक वाटेनं आलं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा यातली काँग्रेगेशनल, प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन घराणी एका छपराखाली आली. म्हणून एका गावात कपाळाला राख लागते आणि पाच किलोमीटरवरच्या गावात ती ऐकूनही माहीत नसते, दोघं एकाच डायोसिसचे (एकाच बिशपच्या हाताखालचे) असून. "हे आपलं जुनं आहे" असं दोघांपैकी कुणीही छातीठोकपणे म्हणू नये.

व्यवहाराचं सांगतो. त्या कुटुंबांना राख, मिरवणूक, कॅरल यांत ओढू नका आणि नाही आले म्हणून विचारूही नका. सात शब्दांतला एखादा शब्द मात्र त्यांच्यातल्या कुणाला द्या, वचन उघडायला ते कधी नाही म्हणणार नाहीत. आमच्याकडे २५ डिसेंबरला सुट्टी असते म्हणून दिवसभराची बायबल सभा ठेवतात, सजावट नाही, भेटी नाहीत. त्यात एक दुखरी जागा असते ती मुलांची. शेजारच्या पोरांना नवे कपडे आणि तारे, आपल्या पोरांना सभा. त्यावर "ते चुकीचं करतात" हे उत्तर सगळ्यात वाईट.

राखेचा बुधवार करणारच असाल तर एक इशारा, मानत नसलो तरी. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख पाण्यात कालवू नका. राख आणि पाणी मिळून खार होतो आणि कपाळाची कातडी भाजते. बारीक चाळून कोरडीच लावा, नाहीतर खोबरेल तेलाचे दोन थेंब. आणि झावळ्या वर्षभर कुठं ठेवल्यात ते लिहून ठेवा, फेब्रुवारीत कुणालाच आठवत नाही.

---

वसईकर_कंदील

मी कॅथलिक, त्यामुळे पाळकांच्या फिरतीवर मी काही बोलत नाही. दोन-तीन हाताच्या गोष्टी.

झावळी : नारळाची एक झावळी तुमच्या अख्ख्या मंडळीला पुरते. एकेकाला एकेक पातं दिलं तर शंभरावर माणसं होतात. देशावर नारळ नसेल तर शिंदीची घ्या, पण बुडाकडचे काटे आधी छाटा, पोरं डोळ्यासमोर फिरवतात. आदल्या संध्याकाळी तोडून ओल्या बारदानात गुंडाळा, उन्हात टाकली की पाती मिटतात.

मेणबत्त्या : कबरस्तानात प्रत्येकाच्या हातात देणार असाल तर पुठ्ठ्याची चकती मधे भोक पाडून खालून वर सरकवा, मेण हातावर येत नाही. एकमेकांकडून पेटवताना पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि न पेटलेली वाकवायची. उलटं केलं की मेण शेजारणीच्या साडीवर. हे सुरुवातीला एकदा मोठ्यानं सांगा.

नाताळचा तारा : विकतचा प्लास्टिकचा आणू नका, तरुण संघाला एक संध्याकाळ काम द्या. बांबूच्या तीन फुटी दहा काड्या. पाच काड्यांची एक चांदणी, अशा दोन करायच्या. काड्या एकमेकींना छेदतात त्या पाचही जागी सुतळी. दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधायची. मग आतल्या पाच छेदांपाशी वीतभर काडीचे टेकू दोन चांदण्यांमध्ये सरकवले की पोट फुगतं. आधी टेकू आणि मग टोकं असं केलंत तर टोकं जुळत नाहीत आणि भांडणं होतात. वरून पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी, लहानांच्या हाती नको. आत ५ ते ९ वॅटचा एलईडी. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब कागद तापवतो. एक टोक उघडं ठेवा, बल्ब तिथूनच बदलायचा.

गव्हाण : थर्माकोल नको, २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. बारदान, माती, बांबू. कडबा वापरला तर दिव्यांची माळ त्यावरून नेऊ नका. हिरवं शेत हवं तर घटात धान पेरतात तसं : गहू रात्रभर भिजवून, उथळ ताटलीत दोन बोटं मातीवर, १३ डिसेंबरच्या सुमारास. अकरा दिवसांत वीतभर वाढतो. लवकर पेरलंत तर २४ ला पिवळा पडून आडवा झालेला असतो.

---

कौलारू

सगळ्यांचे आभार. २८ मार्चचं वेळापत्रक कमिटीत जसंच्या तसं ठेवतोय. डिसेंबरातलं काय कापायचं, त्यावर कुणी बोललं नाही. आणि एक शंका : ६.१५ ला पेटी आली तरी पट्टी कोणती? दहाच्या उपासनेला जी गीतं ठणठणीत होतात ती पहाटे कुणाला झेपत नाहीत.

---

काळी_दोन

आधी डिसेंबर. तीन मंडळांचे तीन कार्यक्रम एकाच संध्याकाळी करा, २० ला, आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या) चौथ्या रविवारी. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. संडे स्कूलला नऊच पोरं असतील तर मरिया, योसेफ, देवदूत, दोन मेंढपाळ, तीन मागी (पूर्वेकडचे ज्ञानी) आणि एक वाचणारा, बरोबर नऊ. संवाद ठेवू नका. एकानं लूक २:१-२० आणि मत्तय २:१-१२ वाचायचं, बाकीच्यांनी मुक्यानं करायचं. पंधरा मिनिटांत होतं, पाठांतर नाही, आणि माइक एकाच्याच हाती असल्यानं "ऐकू येत नाही"ची ओरड नाही. मेंढपाळांना घोंगडी आणि काठी द्या, खरं कोकरू आणू नका. सांता यायचाच असेल तर खाऊवाटपाला येऊ दे, उपासनेत नको.

कॅरल राउंड : २२ घरांना तीन रात्री, रोज सात-आठ घरं. एका घरी १५ मिनिटं : एक गीत, एक वचन, प्रार्थना, दुसरं गीत दाराबाहेर पडताना. खाणं रोज फक्त शेवटच्या घरी, हे रविवारी जाहीर करा. नाहीतर प्रत्येक घरी करंजी-चहा आणि पाचव्या घरी साडेदहा वाजतात. रस्त्यावरचं गाणं-वाजवणं दहाला बंदच. जमलेलं अर्पण त्याच रात्री दोघांनी मोजून वहीत दोघांच्या सह्या. तिसऱ्या रात्री एकदम मोजलं की हिशेब कधीच जुळत नाही. डिसेंबरच्या दवात चामडं सैल पडून तबला उतरतो, नट-बोल्टची ढोलकी आणि टाळ न्या.

एकतीसची रात्र दारं लावून चर्चच्या आत करा. जिल्हाधिकाऱ्यांनी त्या दिवशी सवलत दिली तरी ती बारापर्यंतच असते आणि आपलं नव्या वर्षाचं गीत नेमकं बाराला सुरू होतं.

आता पट्टी. पहाटे गळा उघडलेला नसतो, नेहमीपेक्षा दोन स्वर खाली घ्या. रविवारी पांढरी चारमध्ये (पेटीची चौथी पांढरी पट्टी) म्हणत असाल तर पहाटे पांढरी दोन, आणि तेच गीत ७.३० ला चर्चमध्ये पुन्हा पांढरी चार. त्यानं ते वर उचलल्यासारखं वाटतं, तोही एक फायदा. वरच्या षड्जाच्या पलीकडे जाणारी चाल पहाटे घेऊच नका. आत जाताना पेटी हातात धरून वाजवत चालायचा प्रयत्न करू नका, भाता नीट चालत नाही आणि खड्डा दिसत नाही. पेटी आधीच आत, सतरंजीवर ठेवलेली असावी. चालताना एखादं गीत हवंच असेल तर पेटीवाल्यानं फोनवरचा तानपुरा कानाशी धरून पहिला शब्द एकट्यानं म्हणायचा, बाकीच्यांनी दुसऱ्या ओळीपासून. ओवी-अभंगाच्या चालीची गीतं निवडा, रेव्ह. ना. वा. टिळकांची बरीच त्या वळणाची आहेत, ती वाद्याशिवाय उभी राहतात. इंग्रजी चालींची भाषांतरित गीतं पेटी नसली की दुसऱ्या कडव्यात पाव स्वर उतरतात आणि तिसऱ्यात कुणीच धरत नाही.

गीतपुस्तकं बरोबर नेऊ नका. ईस्टर नेहमी पौर्णिमेच्या पुढच्या सात दिवसांत येतो, त्यामुळे त्या पहाटे आकाशात चंद्र असतोच, पण वाचण्याएवढा उजेड त्याचा नाही. आणि साठ फोनचे दिवे लागले की पहाट संपली. दोनच गीतं, तीनच कडवी, मार्चच्या पहिल्या रविवारपासून दर आठवड्याला म्हणवून घ्या. पहिलं गीत तरुण संघाच्या आवडीचं नको, म्हाताऱ्या बायकांना पाठ आहे ते घ्या. अंधारात मंडळी त्यांच्याच आवाजामागं चालते.